संवादाचा गुणफलक कसा वाचावा

कबड्डीत सात जणींच्या साखळीत एकटीने घुसून बोनस गुण घेऊन येणारी मुलगी बँकेच्या खिडकीशी गेली की गप्प होते. मुलाखतीत विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देते आणि खाली बघते. शाळेत खेळ शिकवताना हे मी सतत बघते. विचारलं की म्हणतात, "मॅडम, मैदानात काय करायचं ते ठरलेलं असतं. बोलण्यात कुठे काय ठरलेलं असतं?"

पुष्कळ काही ठरलेलं असतं. त्यातलं बरंचसं कबड्डीच्या नियमांसारखं शिकता येतं, सराव करून अंगवळणी पाडता येतं. पण एका ठिकाणी खेळ आणि संवाद यांच्या वाटा पार वेगळ्या होतात. ते ठिकाण ज्यांना दिसत नाही त्यांना लोक बोलण्यात सहज गुंडाळतात. मी जिल्ह्याच्या सामन्यांत गुणलेखक म्हणून टेबलावर बसते. तिथे बसून जे लक्षात आलं ते, आणि माणसांच्या साध्या गप्पा ध्वनिमुद्रित करून बारकाईने तपासणाऱ्या अभ्यासकांकडून जे शिकायला मिळालं ते, असं दोन्ही मिळून मी मुलींना शिकवते. तेच इथे लिहिते आहे.

पाळी ओळखा

कबड्डीत चढाई आळीपाळीने होते. एका संघाची चढाई संपली की पाच सेकंदांत दुसऱ्या संघाने चढाईपटू पाठवायचा आणि त्याने तीस सेकंदांत परत यायचं. बोलण्यातही पाळी असतेच. मात्र कोणी किती वेळ बोलायचं आणि पुढे कोण बोलणार हे आधी लिहून ठेवलेलं नसतं, ते दर वाक्याच्या शेवटी तिथल्या तिथे ठरतं. कसं ठरतं, ते हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तीन अमेरिकी अभ्यासकांनी १९७४ साली मांडलं. बोलणाऱ्याने पुढच्याला निवडलं, म्हणजे नाव घेतलं, प्रश्न विचारला, किंवा नुसतं त्याच्याकडे बघून थांबला, तर पाळी त्याची. कोणालाच निवडलं नाही तर जो आधी सुरुवात करेल त्याची. कोणीच सुरुवात केली नाही तर पहिलाच पुढे बोलू शकतो. लग्नघराच्या ओसरीवर वीस जण एका वेळी बोलताना दिसतात, तिथेही जवळ जाऊन ऐकलं तर हेच चालू असतं.

बिचकणाऱ्या माणसाचं नुकसान दुसऱ्या नियमात होतं. जो आधी सुरुवात करेल त्याची पाळी, आणि "आधी" म्हणजे किती आधी? दहा भाषांमधली प्रश्नोत्तरं तपासून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, असं त्यात आढळलं. जपानी लोक सगळ्यांत झटपट निघाले, डॅनिश सगळ्यांत सावकाश, पण दोघांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आतलंच. आता, साधं चित्र बघून त्याचं नाव उच्चारायलाही माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच ऐकणाऱ्याची तयारी सुरू झालेली असते. "तिचं होऊ दे पूर्ण, मग विचार करते" असं ठरवणाऱ्या मुलीची पाळी म्हणूनच दर वेळी दुसरीकडे जाते. ती मठ्ठ नसते, फक्त उशिरा निघते.

उपाय असा. समोरच्याचा मुद्दा कळला की वाक्य संपायची वाट बघत बसू नका, स्वतःच्या वाक्याचा पहिला तुकडा तयार ठेवा. पूर्ण उत्तर नको, नुसता पहिला तुकडा: "हो, आणि", "पण मला वाटतं", "आमच्याकडे उलट". श्वास घ्या, थोडं पुढे सरका, बोलणाऱ्याकडे बघा. लोक हे बघतात आणि जागा देतात. चढाईपटूलाही दम, म्हणजे "कबड्डी, कबड्डी" म्हणणं, समोरच्या अंगणात पाय पडण्याआधी सुरू करावा लागतो. आत जाऊन सुरू केला तर पंच परत पाठवतात. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येत असल्यामुळे शेवट ओळखणं अवघड नाही. "गेलो होतो", "म्हणाला ना", "असं झालं बघा" यातलं काही कानावर आलं की समजा, अंगण मोकळं होतंय.

उशीर झाला तर त्याचाही अर्थ लावला जातो, हे मुलाखतीला जाणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावं. "रविवारी येशील का?" याला "येईन" हे उत्तर लगेच येतं. नकार मात्र थांबून येतो, त्याच्याआधी "अं", "म्हणजे", "तसं नाही, पण" येतं, आणि मागून कारण येतं. सगळ्यांना हे न शिकवता ठाऊक असतं. म्हणून विचार करायला वेळ हवा म्हणून तुम्ही दोन सेकंद गप्प बसलात, तरी समोरच्याला ती नाराजी वाटते. होकार असेल तर आधी "हो" म्हणा आणि मग विचार करा. विचारच करायचा असेल तर तसं बोलून दाखवा: "एक मिनिट, आठवून सांगते." आणि तुम्ही विचारणारे असाल, समोरून उत्तर यायला उशीर झाला, तर त्या माणसाला नकार तोंडाने उच्चारायला लावू नका. "नाही जमलं तरी चालेल, पुढच्या वेळी बघू" असं आपणच म्हणावं. हे शिकलेली माणसं मला फार आवडतात.

जोडी पूर्ण करा

बोलण्यातल्या पुष्कळ गोष्टी जोडीने येतात. प्रश्नाला उत्तर, नमस्काराला नमस्कार, आमंत्रणाला होकार किंवा नकार. पहिला भाग टाकला गेला की दुसरा देणं भाग असतं, आणि तो नाही आला तर नुसती शांतता राहत नाही, "उत्तर दिलं नाही" अशी नोंद होते. चढाईला गेलेला खेळाडू रिकामा परत आला तरी गुणपत्रकावर चढाईची नोंद होतेच, तसंच.

मात्र जोडीचा दुसरा भाग कोणता, हे शब्दांवरून ठरत नाही. आमच्या कोकणात रस्त्यात भेटलेला माणूस "काय, कुठे निघालात?" विचारतो. त्याला एसटीची वेळ, कामाचं स्वरूप आणि परतीचा बेत ऐकायचा नसतो. "इकडेच, जरा बाजारात" एवढ्याने जोडी पूर्ण होते. "जेवलात का?" हेही तसंच. मुंबईत वाढलेल्या मुलांना हे प्रश्न चौकशीचे वाटतात आणि ती वैतागतात. वैतागू नका. तो नमस्कार आहे, नमस्काराने फेडा.

निरोपाचंही असंच. सामना संपतो तो घड्याळावर. पुरुषांचा वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांनी, महिलांचा पंधरा-पंधराच्या. शिट्टी वाजली की संपलं. संवादाला शिट्टी नाही, तो दोघांनी मिळून संपवायचा असतो, आणि एकाने संपवायची तयारी दाखवून दुसऱ्याने ती मान्य करेपर्यंत तो संपत नाही. फोन ठेवता येत नाही म्हणून कितीतरी जण फोन उचलतच नाहीत. पायऱ्या पाठ करा. विषय संपल्यावर "बरं" किंवा "चला मग" म्हणून थांबा; नवीन काही सांगायचं असेल तर समोरच्याला इथे जागा मिळते. त्यानेही "बरं" म्हटलं की आधी झालेल्या बोलण्यातली एखादी गोष्ट उचला: "मग गुरुवारी कागद घेऊन येते," किंवा "आईंना सांगा, विचारलं होतं म्हणून." मग "ठेवते हं", "ठेव". मधली पायरी गाळली तर फोन तोंडावर आपटल्यासारखा वाटतो. समोरचा "बरं" न म्हणता नवा विषय काढत राहिला, तर तेवढा एक विषय ऐका आणि पुन्हा पहिल्या पायरीवर या. घाई असल्याचं खरं कारण असेल तर ते सरळ सांगितलेलंही चालतं.

कळलं नाही तर तिथेच थांबवा

दम तुटला की चढाईपटू बाद. बोलण्यात अडखळलं, नाव चुकलं, शब्द सापडला नाही, तर कोणीही बाद होत नाही. वेगवेगळ्या खंडांतल्या बारा भाषांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. रोजच्या गप्पांत सरासरी दर दीड मिनिटाच्या आतच कोणीतरी "काय?", "कोण?", "म्हणजे अमुकच ना?" असं विचारून बोलणं दुरुस्त करून घेतं, असं त्यात दिसलं. म्हणजे न कळणं हा संवादाचा रोजचा भाग आहे, आणि तो सगळीकडे सारखा आहे.

यात कौशल्य एवढंच की जितकं कळलं तितकं दाखवून विचारायचं. नुसतं "काय?" म्हटलं तर समोरच्याला सगळं परत म्हणावं लागतं. "कुणाकडे म्हणालात?" म्हटलं तर एकच शब्द. "शिरगावलाच ना?" म्हटलं तर त्याला फक्त मान हलवायची. सरकारी कचेरीत, दवाखान्यात, बँकेत तिसऱ्या प्रकारचा प्रश्न विचारा: "म्हणजे फोटो दोन आणि आधारची झेरॉक्स एक, बरोबर?" आपण लक्ष देऊन ऐकलं हे त्यातून दिसतं आणि समोरचा माणूस एकदम मवाळ होतो. कळल्यासारखी मान हलवणं मात्र बंद करा. मान हलवली की ते तुम्ही मान्य केलं असं धरलं जातं, आणि ते परत घेणं पुढे पुढे जड जातं.

नियम मोडला जातो तेव्हा

पॉल ग्राइस नावाच्या तत्त्वज्ञाने १९६७ साली हार्वर्डला व्याख्यानं दिली. संवादात आपण एकमेकांकडून काय धरून चालतो, ते त्यांनी चार गोष्टींत सांगितलं: हवं तेवढंच सांगावं, खरं सांगावं, विषयाला धरून सांगावं, नीट कळेल असं सांगावं. हे नियम कबड्डीच्या नियमांसारखे दिसतात, पण मोडल्यावर जे होतं ते अगदी वेगळं. कबड्डीत नियम उघडपणे मोडला की दंड होतो. संवादात उघडपणे मोडला की अर्थ तयार होतो. "जेवण कसं होतं लग्नातलं?" याला "ताटं स्वच्छ होती" असं उत्तर आलं, तर जेवणाबद्दल एक शब्दही न बोलता सगळं सांगून झालं.

म्हणून विचित्र उत्तर आलं की "माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही" म्हणून भांडू नका. आधी स्वतःला विचारा: हा माणूस शहाणा आहे आणि मुद्दाम असं बोलतोय असं धरलं, तर त्याला काय सांगायचं असेल? बहुतेक वेळा उत्तर लगेच सापडतं. नाही सापडलं तर वर सांगितल्याप्रमाणे विचारा.

गुणफलक कोण हलवतं

आता मुख्य गोष्ट. माझ्या टेबलावर काय होतं ते आधी सांगते. सामन्याला एक सरपंच म्हणजे मुख्य पंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक असतात. सहाय्यक बाद झालेल्यांचा क्रम ठेवतात, कारण गुण मिळाला की जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. मी चालू गुण लिहिते. समजा, अंगणात पाचच बचावपटू आहेत. चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली, बोट वर केलं, प्रेक्षकांनी आरडाओरडा केला. बोनस मिळत नाही. बोनस मिळायला समोर निदान सहा जणी लागतात. तिने कितीही आत्मविश्वासाने बोट वर केलं तरी पाचाच्या सहा होत नाहीत.

संवादात होतात. संवादाचं हे सगळ्यांत मोठं वेगळेपण आहे. डेव्हिड लुईस या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७९ साली ते बेसबॉलची तुलना घेऊन दाखवलं, मी कबड्डीने सांगते. संवादाचाही एक गुणफलक असतो, बोलणाऱ्यांच्या डोक्यांत. त्यावर लिहिलेलं असतं: आत्तापर्यंत काय मान्य झालं, "तो" म्हटलं की सध्या कोण, आपण एकमेकांचे कोण, शब्द किती काटेकोर घ्यायचे. पण या फलकाची सवय अशी की कोणी असं काही बोललं जे फलकावर अमुक असल्याशिवाय बरोबर ठरणार नाही, तर ते अमुक फलकावर आपोआप येऊन बसतं. मात्र तेव्हा कोणी हरकत घ्यायला नको.

बसमध्ये शेजारी बसलेली बाई म्हणते, "पुण्याच्या जावेकडे निघालेय." तिला जाऊ असल्याचं तुम्हाला ठाऊक नव्हतं, तिचं लग्न झाल्याचंही नव्हतं. तुम्ही हरकत घेत नाही. त्या क्षणापासून जाऊ आहे, ती पुण्यात आहे, आणि पुढे "ती" म्हटलं की तीच. किती सोपं झालं बोलणं! सगळं आधी जाहीर करून मगच बोलायचं ठरवलं तर चिपळूण येईपर्यंत पहिलं वाक्य झालं नसतं. माणसं एकमेकांसाठी फलक असा हलवून देतात ही मोठी माया आहे, आणि दहातल्या नऊ वेळा ती तशीच चालू द्यावी.

दहावी वेळ ओळखायची. ती कशी दिसते?

पैशाच्या बोलण्यात अशी: "मग पहिला हप्ता तुम्ही यूपीआयने देणार की चेकने?" प्रश्न हप्ता कसा देणार असा आहे. तुम्ही कसंही उत्तर दिलंत तरी "हप्ता देणार" हे फलकावर गेलं. "अं, यूपीआयने बरं पडेल" म्हणणारी मुलगी काही खोटं बोलत नाही, तिने फक्त विचारलेल्या जोडीचा दुसरा भाग दिला. म्हणून उत्तर देऊ नका, प्रश्नाच्या खालची पायरी धरा: "घ्यायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. आधी ते बोलू."

बघण्याच्या कार्यक्रमात अशी: "लग्नानंतर ही इकडे आली की इथे नोकरी बघताच येईल." कोणी काही विचारलंच नाही. नोकरी सोडणं, गाव बदलणं, दोन्ही एका "आली की" मध्ये बसवून झालं, आणि पोहे देता देता सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तेव्हा शांतपणे म्हटलं, "काका, नोकरी सोडायचं मी ठरवलेलं नाहीये. त्यावर आपण बोलूया का आत्ताच?" आवाज चढवला नाही, कोणाला खोटं पाडलं नाही, आणि बोलणं नीट सुरू झालं. तिचं हे वाक्य मी प्रत्येक तुकडीला म्हणून दाखवते.

आणि फसवणुकीच्या फोनवर अशी: "तुमच्या पार्सलमध्ये जे सामान सापडलं त्याबद्दल बोलायचंय." ऐकणारा घाबरून म्हणतो, "कसलं सामान?" इथेच पार्सल त्याचं झालं. पुढचा तासभर तो स्वतःचं नसलेलं पार्सल आपलं नाही हे सिद्ध करत बसतो, आणि शेवटी पैसे पाठवतो. या लोकांचा सगळा खेळ संवादाच्या या एका गुणावर चालतो. त्यांच्याशी फलक दुरुस्त करत बसू नका, संवादच मोडा. फोन ठेवा. निरोपाच्या पायऱ्या इथे लागू नाहीत, उद्धटपणाची लाज वाटू देऊ नका. फोनवरून किंवा व्हिडिओवरून अटक अशी काही तरतूद आपल्या कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांकडून हे एकदा मोठ्याने म्हणून घ्या, कारण समोरच्याला उत्तर देणं हा ज्यांच्या अंगात मुरलेला चांगुलपणा आहे, तेच यात आधी सापडतात.

हरकत कधी घ्यायची? लगेच, पुढच्याच पाळीत. सामन्यातही कर्णधाराने शंका तिथल्या तिथे काढायची असते. तीन चढाया होऊन गेल्यावर कोण बाद होतं हे उकरून चालत नाही. संवादात तीन पाळ्या गेल्या की फलकावरचं पुसायला मोठं भांडण लागतं. म्हणून दोन-तीन वाक्यं तोंडात तयार हवीत. "थांबा, ते अजून ठरलेलं नाही." "हे मला पहिल्यांदाच कळतंय, आधी ते सांगा." "मी तसं म्हटलेलं नाही, मी एवढंच म्हटलं की…" तिन्हींत समोरच्यावर आरोप नाही, फक्त फलकावर बोट ठेवलेलं आहे. आरोप केलात ("तुम्ही मुद्दाम असं बोलताय") की विषय फलकावरून उडून तुमच्या स्वभावावर जातो.

आणि कशावर घ्यायची? माझी कसोटी सोपी आहे. आत सरकवलेल्या गोष्टीने माझे पैसे, माझा होकार किंवा एखाद्या गैरहजर माणसाचं नाव खर्ची पडतंय का? पडत असेल तर थांबवायचं. गैरहजर माणसाचं विशेष सांगते. "तिच्या त्या सवयीमुळेच घर मोडलं ना?" असं कोणी म्हटलं आणि तुम्ही "हं" केलंत, तर सवय होती आणि घर तिच्यामुळे मोडलं, या दोन्हींना तुमची सही मिळाली. "मला ते माहीत नाही" हे चार शब्द उच्चारायला काही पडत नाही.

फलकावर आणखी एक गोष्ट असते, शब्दांचा काटेकोरपणा. "रत्नागिरीहून चिपळूण जवळच आहे" हे गाडीवाल्याच्या बोलण्यात खरं आहे. नव्वदेक किलोमीटर, सकाळी निघून कामं उरकून संध्याकाळी परत. पण कोणी म्हणालं, "नव्वद किलोमीटरला जवळ म्हणतात का?" की तुमचं वाक्य तिथल्या तिथे चुकीचं वाटायला लागतं, तुम्हालाही. लुईस यांनीच दाखवलंय की माप कडक करणं सोपं आणि पुन्हा सैल करणं अवघड. म्हणून शब्दांत पकडणाऱ्या माणसासमोर गांगरू नका. तुमचं वाक्य चुकलेलं नाही, त्याने मध्येच माप बदललंय. म्हणा, "मी ढोबळमानाने बोलतेय, गाडीने जाणाऱ्याच्या हिशोबाने," आणि पुढे जा.

तू आणि तुम्ही हेही फलकावरच असतं. मोठ्या माणसाने "अगं, तू म्हण मला" म्हटलं आणि तुम्ही एकदा म्हटलंत, की नातं हललं. हे सहसा आनंदाचं असतं. पण कामाच्या ठिकाणी कोणी न विचारता तुमच्यावर तू लादलं आणि ते नको असेल, तर तुम्ही त्यांना शांतपणे तुम्हीच म्हणत राहा. दोनचार वेळात बहुतेकांना कळतं.

नव्या घरात आधी बघा

कबड्डी पूर्वी एक नव्हती. आपल्याकडे हुतूतू, दक्षिणेत चेडुगुडू, बंगालकडे हाडुडू, प्रत्येकाची चाल वेगळी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्रात नियम लिहून काढायला सुरुवात झाली, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे आपले खेळ करून दाखवले, बुवा साळवींसारख्या माणसांनी कबड्डीच्या प्रसारात आयुष्य घातलं, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत वेगवेगळ्या देशांचे संघ एकाच नियमांनी कबड्डी खेळले. संवादाला असे सगळ्यांसाठी एकच नियम ठरवणारा महासंघ नाही. तो अजून हुतूतूच्या काळात आहे, प्रत्येक घराचे नियम वेगळे. एका घरात दुसऱ्याचं वाक्य मध्येच पूर्ण करणं म्हणजे जिव्हाळा, दुसऱ्या घरात उद्धटपणा. नव्या नोकरीत, नव्या सासरी, नव्या वसतिगृहात पहिले काही दिवस गुणलेखकासारखे काढा: कोण कोणाला तोडतं, शांतता किती वेळ चालते, चेष्टा कोणाची चालते आणि कोणाची नाही.

इथे संवादाची एक मोकळीकही आहे. कबड्डीत सामना चालू असताना नियम बदलता येत नाहीत, संवादात बदलता येतात, नुसतं बोलून. "आज मला सल्ला नको, फक्त ऐक." "मी पूर्ण सांगते, मग तू बोल." समोरचा हो म्हणाला की तो नियम झाला. घरातली कितीतरी भांडणं अशा एका वाक्याअभावी होतात, असं माझं ठाम मत आहे.

आणि गुण मोजणं कुठे थांबवायचं हेही खेळाडूला शिकवावं लागतं. सामन्यात माझा गुण तुमच्याविरुद्ध असतो, संवादात तसं असायची गरज नाही. ज्या मुली मैदानावर उत्तम असतात त्यांना वाद जिंकायची ओढ लागते. मैत्रिणीचं म्हणणं खोडून काढलं, सगळ्या हसल्या, आणि मैत्रीण आठवडाभर बोलली नाही. हा कोणत्या बाजूचा गुण धरायचा? कोणाच्या घरी दुःखाला भेटायला गेलात तर तिथे बोलायला काही हुशारीचं हवं असतं असं समजू नका. "कसं झालं?" एवढं विचारा आणि त्यांना सांगू द्या, सुरुवातीपासून, आधी ऐकलेलं असलं तरी. स्वतःच्या घरची गोष्ट जोडू नका.

सराव

शाळेत आम्ही हे असं करतो, घरीही करता येईल. तिघी घ्या. दोघी पाच मिनिटं बोलतील, विषय साधा: गावच्या पालखीला कोण कोण येणार, सहलीला कुठे जायचं. तिसरी बोलणार नाही, ती गुणलेखक. तिने कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या: पाळी कोणी कोणाला कशी दिली, दुरुस्ती कुठे मागितली, आणि न सांगता फलकावर काय येऊन बसलं. तिसरी नोंद पहिल्यांदा जवळजवळ कोरी राहते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मुली भराभर लिहायला लागतात. मग दोघींपैकी एकीला चिठ्ठी द्या, त्यात एक खोटी गोष्ट लिहिलेली असेल, ती तिने बोलण्यात सरकवायची. दुसरीने पुढच्याच पाळीत पकडायची आणि मुख्य म्हणजे गोडीत पकडायची. पकडताना आवाज चढला तर पुन्हा पहिल्यापासून.

हे जमलं की चौथी मुलगी आत घ्या. चौघी झाल्या की बोलणं दोन जोड्यांत फुटू शकतं, नाहीतर तिघी बोलत राहतात आणि लाजरी मुलगी बाहेरच राहते. तिला कोपऱ्यात बसवू नका, सगळ्यांत जास्त बोलणारीच्या समोर बसवा. बोलणारी ज्या बाजूला बघते तिकडे पाळी जाते. आणि बोलणाऱ्या मुलीला एकच काम सांगा, तीन वाक्यं झाली की समोरचीचं नाव घेऊन प्रश्न विचारायचा, "हो की नाही" मध्ये उत्तर संपणार नाही असा.